आधी सुपरवायझर शोधा, मग कोर्स

*मी ३६ वर्षांची आहे. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशक म्हणून काम करते. तपासणीला आलेली माणसं निघता निघता भलतंच काही विचारतात. लग्नाला वर्ष उलटलं तरी संबंध झालेला नाही, बीपीची गोळी सुरू झाल्यापासून जमत नाही, बायको जवळ येऊ देत नाही. मला उत्तर देता येत नाही आणि पुढे कुणाकडे पाठवावं तेही कळत नाही. म्हणून लैंगिक आणि नातेसंबंध थेरपीचं रीतसर शिक्षण घ्यायचं आहे. एक परदेशी ऑनलाइन कोर्स पाहिला आहे, सहा महिन्यांचा, फी दीड लाखाच्या वर. करू का? की आपल्याकडेच काही आहे? यजमानांची हरकत नाही, पण सासूबाई म्हणतात, ‘असल्या कामाची पाटी दारावर लावलीस तर उद्या नातीचं लग्न कसं जमायचं?’ आणि एक भीती आहे, ती घरी बोललेले नाही. पुरुषांशी या विषयावर एकटीने बोलायचं, तर ते सुरक्षित आहे का?*
*– एक वाचक*

नमस्कार.

कोर्सबद्दल आधी सांगते, कारण फी भरण्याची शेवटची तारीख जवळ आली असेल. तो कोर्स आत्ता करू नका. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्यातले व्हिडिओ आणि वाचन कदाचित उत्तम असेल. पण या कामात माहितीचा वाटा थोडा असतो. खरं शिक्षण होतं ते प्रत्यक्ष जोडपी समोर बसवून, आणि प्रत्येक केस एखाद्या अनुभवी माणसापुढे मांडून. तुम्ही कुठे घाईने विषय बदललात, कुठे नकळत नवऱ्याची बाजू घेतलीत, कोणता प्रश्न विचारायचा टाळलात, हे ती व्यक्ती दाखवते. आपल्या क्षेत्रात तिला सरळ सुपरवायझरच म्हणतात. तुमच्याकडे दीड लाख रुपये असतील तर त्यातला मोठा हिस्सा सुपरव्हिजनसाठी बाजूला काढा. दर पंधरा दिवसांनी एक तास, निदान दोन वर्षं.

ब्रिटनमध्ये हा स्वतंत्र व्यवसाय आहे. ‘सायकोसेक्शुअल अँड रिलेशनशिप थेरपिस्ट’ हे नाव तिथलंच. त्यांची व्यावसायिक संघटना १९७४ साली निघाली आणि आज ती कॉलेज ऑफ सेक्शुअल अँड रिलेशनशिप थेरपिस्ट्स म्हणून ओळखली जाते. तिथली रीत अशी की माणूस आधी समुपदेशन, मानसोपचार, नर्सिंग किंवा वैद्यक असं काहीतरी मुळातून शिकलेला असतो, त्यावर हे पदव्युत्तर प्रशिक्षण घेतो आणि शिकत असतानाच देखरेखीखाली रुग्ण बघतो. गंमत म्हणजे ‘थेरपिस्ट’ या नावाला तिथेही कायद्याचं संरक्षण नाही. कुणीही पाटी लावू शकतो, म्हणूनच संघटनेच्या नोंदवहीत नाव असण्याला महत्त्व आलं. अमेरिकेत हेच काम १९६७ साली सुरू झालेली आसेक्ट ही संघटना करते. या परदेशी प्रमाणपत्रांनी भारतात तुम्हाला कोणताही कायदेशीर दर्जा मिळत नाही. त्यांच्या प्रशिक्षणाची घडण मात्र नक्की उचलण्यासारखी आहे: आधी पाया, मग विशेष विषय, आणि सुरुवातीपासून सुपरव्हिजन.

आपल्याकडे पाया कोणता? तुमचं एम.ए. झालेलं आहे, म्हणजे समुपदेशनाचा पाया आहे. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत पूर्णवेळ प्रशिक्षण घ्यावं लागतं. घरातल्या जबाबदाऱ्या पाहता ते तुम्हाला झेपणारं असेल तर जरूर विचार करा. त्या काळात मनोरुग्ण विभागात जे बघायला मिळतं ते इतरत्र मिळत नाही. नैराश्य, संशयाचा आजार, दारू, बालपणीचे अत्याचार हे सगळं ‘इच्छाच होत नाही’ या एका तक्रारीच्या मागे दडलेलं असू शकतं, आणि ते ओळखायची नजर तिथे तयार होते. झेपणारं नसेल तरी वाट बंद होत नाही. समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञांसाठी २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा राष्ट्रीय कायदा झाला आहे. त्याखालच्या नोंदणीची माहिती काढून ठेवा, आपल्या नोकरीसाठीही ती उपयोगी पडेल.

विशेष विषयासाठी एकाच संस्थेत सगळं मिळेल अशी अपेक्षा धरू नका. तुकड्यातुकड्याने जमवावं लागेल. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग चालवला. १९४९ साली स्थापन झालेल्या फॅमिली प्लॅनिंग असोसिएशनने लैंगिक शिक्षण आणि समुपदेशनाचं काम देशभर नेलं, आणि त्यात डॉ. महिंदर वत्स यांचा मोठा वाटा होता. हे गृहस्थ नव्वदी ओलांडल्यावरही वर्तमानपत्रात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत होते. डिसेंबर २०२० मध्ये, ९६व्या वर्षी गेले. दिल्लीत तारशी ही संस्था १९९६ पासून लैंगिकतेवर प्रशिक्षणं घेते. मुंबईच्या मारिवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांसाठी खास अभ्यासक्रम आहे. तो तुमच्या यादीत पहिल्या दोन-तीनात असू द्या. समलिंगी संबंध सप्टेंबर २०१८ मध्ये गुन्ह्याच्या व्याख्येतून बाहेर आले, पण ‘आमच्या मुलाला नीट करा’ म्हणणारे आईवडील तुमच्या तालुक्यात आजही येणार. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असले ‘बदलून टाकणारे’ उपचार डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवले आहेत. तुम्ही डॉक्टर नसलात तरी तुमची रेघ तीच असली पाहिजे.

आता तुमच्या हातात आत्ताच काय आहे ते बघू, कारण पत्रात तुम्ही स्वतःला फारच कमी लेखलं आहे. ‘शेवटचा संबंध कधी आला, कुणाशी आला, निरोध वापरला होता का’ हे तुम्ही अनोळखी माणसाला रोज विचारता, आणि समोरचा उत्तर देतो. ही सहजता यायला कित्येक एम.ए. झालेल्यांना बराच काळ लागतो. फरक एवढाच की तुमच्या केंद्रात लैंगिक संबंध धोका म्हणून विचारला जातो. थेरपीत तो जगण्याचा भाग म्हणून विचारावा लागतो. ‘कसं वाटतं?’ ‘कधी बरं वाटलं होतं?’ ‘तुला काय हवं असतं, आणि ते तू सांगतेस का?’ हे प्रश्न तोंडात बसवायला हवेत. विशेषतः बाईला विचारायचे. आपल्याकडे तिला सुखाबद्दल कुणी विचारलेलंच नसतं, त्यामुळे पहिल्या वेळी बऱ्याचदा उत्तर येत नाही, ती पदराशी चाळा करत बसते. थांबायचं. उत्तर तिच्या तोंडी भरवून द्यायचं नाही.

जॅक अॅनन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक चार पायऱ्यांची मांडणी केली, ती ‘प्लिसिट’ नावाने शिकवली जाते. पहिली पायरी मोकळीक देण्याची: हे बोललं तर चालतं, तुम्ही एकटे नाही. दुसरी, मोजकी नेमकी माहिती. तिसरी, त्या जोडप्यापुरत्या ठोस सूचना. चौथी, सखोल थेरपी. मदत मागणाऱ्या बहुसंख्य माणसांचं काम पहिल्या दोन पायऱ्यांवर भागतं आणि त्या दोन्ही तुम्ही उद्यापासून करू शकता. ‘धातू जातो म्हणून अशक्तपणा आलाय’ म्हणणारा बावीस वर्षांचा पोरगा आठवा. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या त्रासाला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. वीर्य गेल्याने ताकद जात नाही, हे त्याला शांतपणे समजावून सांगायचं, आणि त्याचबरोबर त्याची झोप, भूक, उदासी विचारायची, कारण अशा मुलांत नैराश्य आणि चिंता पुष्कळ आढळते. नुसतं ‘काही होत नाही रे’ म्हणून परत पाठवलं तर तो एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेला नंबर फिरवतो. तशा जाहिराती १९५४ च्या कायद्याने बंद आहेत, तरी भिंती भरलेल्याच आहेत. असल्या भोंदूंच्या तंबूंमधून लुबाडलं गेलेलं तरुण पोर बघितलं की माझ्या पोटात कालवतं, आणि तुमच्यासारखी माणसं तालुक्याला हवीत असं मी म्हणते ते म्हणूनच.

वर्षभर संबंध न झालेलं जोडपं मात्र तिसऱ्या-चौथ्या पायरीचं आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. असं जोडपं सहसा स्वतःहून येत नाही. घरचे ‘गोड बातमी’ विचारायला लागतात तेव्हा येतं. बहुतेकदा आधी वंध्यत्वाच्या तपासण्या होऊन गेलेल्या असतात आणि ‘संबंध होतो का?’ हा साधा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. दोघांना एकत्र भेटा, मग एकेकट्याला भेटा. तिच्याशी बोलताना पहिली गोष्ट शोधायची ती ही की तिला हवंय पण होत नाही, की तिला नकोच आहे. दोन्ही अगदी वेगळे प्रश्न आहेत. हवं असूनही जवळ येताच योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळत असतील, मांड्या घट्ट होत असतील, तर ते व्हजायनिस्मस असू शकतं. आधी संवेदनशील स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासणी, तीही तिच्या संमतीने, ‘थांबा’ म्हटलं की थांबेल अशीच. मग शरीराची ओळख, श्वास, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडायला शिकणं, त्यानंतर तिचं स्वतःचं बोट, लहानापासून मोठ्या आकाराचे डायलेटर, म्हणजे योनीत हळूहळू घालायच्या गुळगुळीत कांड्या, आणि बऱ्याच नंतर नवरा. प्रत्येक पायरीवर वेग तिने ठरवायचा. या त्रासात उपचाराचा अनुभव चांगला आहे. सुधारणा व्हायला काही महिने लागतात आणि त्या काळात घरच्यांच्या चौकशांना दोघांनी मिळून काय उत्तर द्यायचं हेही सत्रात ठरवावं लागतं.

आणि तिला नकोच असेल तर? लग्न मनाविरुद्ध झालं असेल, तो मारत असेल, तिचं प्रेम दुसऱ्यावर असेल, तिला पुरुषांचं आकर्षणच नसेल. अशा वेळी तिला ‘तयार करणं’ हे थेरपिस्टचं काम नाही. नवऱ्याने, सासऱ्याने, कुणीही तशी अपेक्षा ठेवली तरी नाही. आपल्या फौजदारी कायद्यात सज्ञान पत्नीवर पतीने केलेला बलात्कार आजही अपवाद म्हणून वगळलेला आहे, २०२४ साली नवी न्याय संहिता लागू झाली तेव्हाही तो अपवाद तसाच राहिला. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ आहे, आणि तिला तो सांगता आला पाहिजे. जबरदस्ती चालू असताना जोडप्याचं एकत्र सत्र घेऊ नका. आत जे बोललं गेलं त्याची किंमत ती घरी चुकवते. हे माझं ठाम मत आहे.

स्पर्शाच्या व्यायामांबद्दल तुम्ही वाचलं असेलच. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९६६ आणि १९७० साली आपलं काम पुस्तकांतून मांडलं तेव्हापासून ते या थेरपीचा कणा राहिले आहेत. संभोगावर काही काळ बंदी घालायची आणि जोडप्याने आलटून पालटून एकमेकांना नुसता स्पर्श करायचा. आधी स्तन आणि जननेंद्रियं वगळून, कुठलंही ध्येय न ठेवता. परीक्षेची भीती गेली की शरीर सैलावतं, हे त्यामागचं तत्त्व. पण हा गृहपाठ देण्यापूर्वी घर विचारा. दोन खोल्या, सहा माणसं, आतल्या दाराला कडी नाही आणि मधे झोपलेलं मूल, अशा घरात ‘आठवड्यातून तीनदा पाऊण तास’ हे वाक्य ऐकून जोडपं मान डोलावतं आणि परत येत नाही. मग कागद घेऊन त्यांच्यासोबत आठवडा मांडायचा. आई मंगळवारी भजनाला किती वाजता जाते? मुलाची शिकवणी कधी? शेतावरच्या खोलीत जाता येईल का? काही जोडप्यांसाठी पहिले पंधरा दिवस फक्त रात्री अंगणात हात हातात घेऊन बसणं एवढाच गृहपाठ असतो, आणि तोही पुरेसा अवघड असतो. परदेशी कोर्समध्ये हे कुणी शिकवणार नाही. सुपरवायझर इथला का हवा, याचं उत्तर या कडी नसलेल्या दारात आहे.

शरीर विसरू नका, ही मानसशास्त्राकडून येणाऱ्यांसाठी खास सूचना. ताठरता येत नाही म्हणणाऱ्या पुरुषाला पहाटे येते का, एकट्याने येते का, हे विचाराच. दोन्हीकडे येत नसेल तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासायला पाठवा. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे पुढे येणाऱ्या हृदयविकाराची पहिली खूण कधीकधी इथे दिसते. बीपीच्या, नैराश्याच्या, मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी इच्छा आणि ताठरता दोन्ही घटतात. गोळी रुग्णाने स्वतः बंद करायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची. आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने मेडिकलमधून परस्पर सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची गोळी, आणून खाल्लं तर जीवावर बेतू शकतं. एक फिजिशियन, एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक युरोलॉजिस्ट, एक मानसोपचारतज्ज्ञ, जमल्यास एक फिजिओथेरपिस्ट, एवढी माणसं तुमच्या जिल्ह्यात आत्तापासून जोडायला लागा. ‘कुणाकडे पाठवावं कळत नाही’ हे दुःख तुम्ही लिहिलं आहे. ती साखळी तुम्हालाच बांधावी लागेल, आणि रुग्णालयात असल्याने तुम्हाला ते इतरांपेक्षा सोपं आहे.

कायद्याची एक बाब रोजच्या कामात अडेल, म्हणून सांगते. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीशी लैंगिक संबंध आल्याचं कळलं की मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग ती मुलगी लग्न झालेली आणि खुशीत असली तरी. पहिल्याच भेटीत गुप्ततेचं आश्वासन देताना ही मर्यादा सांगून टाका. दुसरं, संबंध न झालेल्या लग्नाच्या केसमध्ये तुमच्या नोंदी उद्या कोर्टात मागितल्या जाऊ शकतात. नपुंसकतेमुळे संबंध न येणं हे हिंदू विवाह कायद्यात लग्न रद्द ठरवण्याचं कारण आहे. त्यामुळे जे पाहिलं-ऐकलं तेच लिहा. निदान करण्याचा अधिकार नसताना ‘नपुंसक’ असला शिक्का कुणाच्या कागदावर मारू नका.

आता तुमची न बोललेली भीती. ती रास्त आहे. या विषयात काम करणाऱ्या बाईला नुसतं ऐकण्यात मजा वाटणाऱ्या पुरुषांचे फोन येतात. स्वतःचा नंबर कुठेही छापू नका. वेळ ठरवायला दवाखान्याचा नंबर, फोन उचलायला दुसरं कुणीतरी. पहिली भेट नेहमी दवाखान्याच्या वेळेत, बाहेर माणूस असताना. फोनवर तपशील ऐकायचे नाहीत, ‘भेटीत बोलू’ म्हणायचं. समोर बसलेल्याचं बोलणं त्रासातून येतंय की चाळवण्यासाठी, हे काही काळाने कळायला लागतं. शंका आली की सत्र तिथेच थांबवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आणि स्पर्शाचा प्रश्नच येत नाही: या थेरपीत थेरपिस्ट कुणाला हात लावत नाही, कुणाला कपडे काढायला सांगत नाही, व्यायाम घरीच व्हायचे. हे पहिल्या भेटीच्या संमतीपत्रात लिहूनच द्या. जोडप्यांसाठी पुरुष सहकारी मिळाला तर काही केसेस दोघांनी मिळून घेता येतील.

शिकताना स्वतःच्या मनाचीही तपासणी होईल. कोणत्या गोष्टीची किळस वाटते, कशाचा राग येतो, कशाचा हेवा वाटतो, हे एका वहीत लिहा आणि सुपरवायझरसमोर वाचा. जमल्यास स्वतः थेरपी घ्या. तुमच्या स्वतःच्या लग्नातले प्रश्न या खुर्चीत बसल्यावर वर येतात. यजमानांना हे आधीच सांगून ठेवा.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांची काळजी खोटी आहे असं म्हणणार नाही, कारण लग्न जमवताना लोक खरंच असलं काही बघतात. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि विल्सन कॉलेजची प्राध्यापकी त्यांना सोडावी लागली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ पासून चालवलं, आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून खटला झाला तेव्हा त्यांची बाजू कोर्टात मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी जे सोसलं त्याच्या मानाने आज वाट पुष्कळ मोकळी आहे, पण सासूबाईंशी हा इतिहास घेऊन वाद घालू नका. त्यांना एवढंच सांगा की मोडकळीला आलेली लग्नं सावरायचं काम आहे, आणि मुलं होत नाहीत म्हणून रडत येणाऱ्या सुना माझ्याकडे येतात. दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि त्यांना दोन्हींचा अर्थ लगेच कळेल.

पाटीचं म्हणाल, तर अजून दोन वर्षं तरी पाटी लागणार नाही. लागेल तेव्हा नाव, पदवी, नोंदणी असेल तर तिचा क्रमांक, आणि खाली ‘विवाह, नातेसंबंध व लैंगिक समस्यांसाठी समुपदेशन’ एवढं लिहा. ‘सेक्सॉलॉजिस्ट’ लिहू नका; तुम्ही डॉक्टर नाही आणि त्या नावाची भिंतींवर पुरेशी नासाडी झालेली आहे. घराच्या दारावर तर काहीच नको, दवाखाना घरापासून वेगळाच असू द्या.